गडी निवडण्याचे गणित

गल्लीतल्या क्रिकेटमध्ये खरा सामना सुरू होण्याआधी आणखी एक सामना होत असतो. दोन कप्तान समोरासमोर उभे राहतात आणि आळीपाळीने एकेक गडी मागून घेतात. पहिला कोणाला मागायचा, यष्टिरक्षक आधी घ्यायचा की नंतर, यावर पुष्कळदा सामन्याचा निकाल ठरतो.

याच निवडीचा एक मोठा अवतार म्हणजे काल्पनिक संघांचा खेळ. समजा, एखादी मालिका सुरू होण्यापूर्वी चार मित्र वही घेऊन बसले. समोर खऱ्या खेळाडूंची यादी आहे. प्रत्येकाने पाळीपाळीने एकेक नाव घ्यायचे. एकाने घेतलेला खेळाडू दुसऱ्याला मिळणार नाही. पहिल्या फेरीचा क्रम १, २, ३, ४ असेल, तर दुसऱ्या फेरीचा ४, ३, २, १, म्हणजे शेवटी बसणाऱ्यावर अन्याय होत नाही. या निवडीला ड्राफ्ट म्हणतात. पुढे मालिकेत ते खेळाडू धावा काढतील, बळी घेतील, त्याप्रमाणे आपल्या वहीतल्या संघाला गुण मिळतात.

तुमची पाळी आली. यादीच्या डोक्याशी ज्याचे नाव आहे, म्हणजे मागच्या काही सामन्यांत ज्याने सर्वांत जास्त गुण मिळवले, त्याला उचलावे का? बहुतेक जण हेच करतात. पण प्रयोगशाळेत व्हर्नियर कॅलिपर हाती घेतल्यावर तुम्ही काय करता, ते आठवा. तुम्ही दोन प्रश्न विचारता. या उपकरणाचे मापन कितपत अचूक आहे? आणि त्याचे शून्य नेमके कोठे आहे? खेळाडूच्या नावापुढच्या आकड्यालाही हेच दोन प्रश्न विचारायचे असतात. ते एकेक करून पाहू या.

पुस्तकी क्रिकेटची प्रयोगशाळा

पहिल्या प्रश्नासाठी लागणारे साहित्य तुमच्या दप्तरातच आहे. एक जाडसे पुस्तक घ्या. डोळे मिटून ते उघडा आणि डाव्या पानाचा क्रमांक पाहा. डाव्या पानाचा क्रमांक नेहमी सम असतो. म्हणून शेवटचा अंक ०, २, ४, ६ किंवा ८ असणार. ० आले की बाद. २, ४, ६ आले तर तेवढ्या धावा. ८ आले तर एक धाव. हा खेळ तुम्ही मधल्या सुट्टीत कितीतरी वेळा खेळला असाल.

आता त्याचे गणित करू. पाचही अंकांची शक्यता सारखी धरली, तर दर पाच पानांमागे सरासरी एक पान 'बाद'चे आणि चार धावांची. म्हणजे बाद होण्यापूर्वी सरासरी चार धावांची पाने मिळतात. एका धावांच्या पानावर सरासरी (२ + ४ + ६ + १) ÷ ४ = ३.२५ धावा. म्हणून एका डावाची सरासरी ४ × ३.२५ = १३ धावा.

पण प्रत्येक डाव काही १३ धावांवर संपत नाही. दर पाच डावांपैकी सरासरी एक डाव शून्यावरच संपतो, तर एखादा तिशी-चाळिशी गाठतो. धावा सरासरीपासून किती विखुरतात हे मोजणाऱ्या राशीला प्रमाण विचलन म्हणतात. आपल्या पुस्तकी क्रिकेटसाठी ते सुमारे १५ येते. पाहा, सरासरी १३ आणि तिच्याभोवतीचा विखुरलेपणा १५! म्हणजे एका डावावरून सरासरीचा अंदाज करणे हे वाऱ्यात हलणाऱ्या तराजूत सोने तोलण्यासारखे आहे.

आता दहा फलंदाजांची नावे लिहा आणि त्याच पुस्तकाने प्रत्येकाला तीन-तीन डाव द्या. धावांची बेरीज करून क्रम लावा. कोणीतरी पहिला येईल आणि कोणीतरी शेवटचा. पहिल्याला पाहून 'काय सुरेख खेळतो!' असे म्हणावेसे वाटेल. परंतु सगळ्यांची बॅट एकच आहे, ती म्हणजे तुमचे पुस्तक! कोणातही कौशल्याचा फरक नाही. आता सर्वांना आणखी तीन-तीन डाव द्या. पहिला आलेला फलंदाज बहुधा खाली येईल आणि शेवटचा बहुधा वर चढेल. पहिल्याचा सूर हरपला किंवा शेवटच्याने कसून सराव केला, असे काहीही घडलेले नाही. नशिबाचा जो वाटा एकदा जमून आला, तो पुन्हा तसाच जमून येण्याचे कारण नव्हते, एवढेच.

या परिणामाला सरासरीकडे परतणे म्हणतात. फ्रान्सिस गाल्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८८६ साली आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीचा अभ्यास करताना तो दाखवून दिला. फार उंच आईवडिलांची मुले उंच असतात, पण सरासरीने पाहता आईवडिलांइतकी नाही.

दोन फलंदाज, आठ डाव

तुम्ही म्हणाल, खरा फलंदाज म्हणजे काही पुस्तक नव्हे. अगदी बरोबर. खऱ्या फलंदाजांत कौशल्याचा फरक असतोच. पण त्यात नशिबाचा वाटा मिसळलेला असतो. १९४५ साली एल्डर्टन आणि वूड या दोघांनी स्वतंत्रपणे दाखवले, की खऱ्या सामन्यांतील धावसंख्याही साधारणपणे आपल्या पुस्तकी क्रिकेटसारख्याच विखुरलेल्या असतात: लहान डाव पुष्कळ, मोठे डाव थोडे, आणि विखुरलेपणा जवळजवळ सरासरीइतकाच.

आता मुंबईच्या दोन फलंदाजांचे कसोटीतील पहिले आठ डाव पाहा.

सुनील गावस्कर, १९७१, वेस्ट इंडीजमध्ये: ६५, नाबाद ६७, ११६, नाबाद ६४, १, नाबाद ११७, १२४, २२०.

विनोद कांबळी, १९९३: १६, नाबाद १८, ५९, २२४, २२७, १२५, ४, १२०.

बेरीज करा. गावस्कर ७७४, कांबळी ७९३. क्रिकेटमध्ये सरासरी काढताना धावांना डावांनी भागत नाहीत, बाद झालेल्या वेळांनी भागतात. गावस्कर पाच वेळा बाद झाले, म्हणून सरासरी १५४.८०; कांबळी सात वेळा, म्हणून ११३.२९. या आठ डावांवरून पुढे काय होणार, ते कोणाला सांगता आले असते?

पुढे झाले ते असे. गावस्करांनी १९८७ पर्यंत १२५ कसोट्या खेळून १०,१२२ धावा केल्या. पहिले आठ डाव वगळले तर उरलेल्या कारकिर्दीची सरासरी ४८.४४ येते. कांबळींना नंतर तेराच डाव मिळाले. त्यांत २९१ धावा झाल्या, सरासरी २२.३८. १९९५ नंतर ते कसोटी खेळले नाहीत. दोघेही सुरुवातीच्या शिखरावरून खाली आले, कारण त्या उंचीवर कोणीच टिकू शकत नाही. कारकिर्दीअखेर डॉन ब्रॅडमन यांची सरासरीसुद्धा ९९.९४ होती.

पण येथेच थांबू नका. १९७१ साली वेस्ट इंडीजहून परतल्यावर गावस्कर त्याच वर्षी इंग्लंडला गेले. तेथे सहा डावांत त्यांच्या धावा झाल्या १४४, सरासरी २४! कांबळींच्या नंतरच्या तेरा डावांच्या सरासरीपेक्षा फारशी वेगळी नाही. केवळ त्या सहा डावांवरून कोणी 'संपला' असा शिक्का मारला असता, तर कसोटीत दहा हजार धावांचा टप्पा ओलांडणारा जगातील पहिला फलंदाज आपण गमावला असता. आणि कांबळींना आणखी शंभर डाव मिळाले असते, तर काय झाले असते? तेरा डावांच्या आकड्यांना याचे उत्तर देता येत नाही. त्यांच्या २१ डावांची मिळून सरासरी ५४.२० आहे, हेही त्याच वहीत लिहिलेले आहे.

किती डाव पुरेसे? समजा, एका फलंदाजाची खरी सरासरी ५० आहे आणि विखुरलेपणाही ५० आहे. डावांची संख्या वाढली, की सरासरीतील अनिश्चितता त्या संख्येच्या वर्गमुळाने कमी होते. ४ डावांच्या सरासरीत अनिश्चितता ५० ÷ २ = २५; २५ डावांत ५० ÷ ५ = १०; १०० डावांत ५० ÷ १० = ५. म्हणजे ४५ आणि ५० अशी खरी सरासरी असलेले दोन फलंदाज वेगळे ओळखण्यास शंभर डावही अपुरेच!

मानीव डावांची युक्ती

मग निवड करायचीच नाही का? करायची, पण आकडा दुरुस्त करून. प्रत्येक फलंदाजाच्या खात्यात आपण सर्वसाधारण कामगिरीचे काही मानीव डाव जमा करायचे. कसोटीत ४० ही चांगल्या फलंदाजाची सरासरी समजली जाते. म्हणून प्रत्येकाला ४० धावांचे १० मानीव डाव देऊ, म्हणजे ४०० धावा आणि १० वेळा बाद.

पहिल्या आठ डावांनंतर कांबळींचा अंदाज: (७९३ + ४००) ÷ (७ + १०) = ७०. गावस्करांचा: (७७४ + ४००) ÷ (५ + १०) = ७८. दोन्ही आकडे अजून जास्तच आहेत, पण ११३ आणि १५४ यांच्यापेक्षा पुष्कळ समंजस. आता इंग्लंडमधील सहा डाव मिळवा. गावस्करांचा अंदाज (९१८ + ४००) ÷ (११ + १०) = ६३ होतो. तो खाली आला, पण २४ पर्यंत कोसळला नाही. चांगल्या अंदाजाचे लक्षणच हे, की नव्या माहितीने तो सरकतो, पण प्रत्येक झुळकीसरशी उलटापालटा होत नाही. जसजसे खरे डाव वाढतात, तसतसा मानीव डावांचा प्रभाव आपोआप कमी होतो. १० हा आकडा काही वेदवाक्य नव्हे. जेथे नशिबाचा वाटा मोठा, तेथे मानीव डाव जास्त घ्यावेत.

शून्य कोठे धरायचे?

आता दुसरा प्रश्न. टेबलावर ठेवलेल्या चेंडूची स्थितिज ऊर्जा किती? तुम्ही लगेच विचाराल, उंची कोठून मोजायची? टेबलापासून मोजली तर शून्य, जमिनीपासून मोजली तर वेगळी, समुद्रसपाटीपासून मोजली तर आणखी वेगळी. महत्त्व असते ते फरकाला.

निवडीतही तसेच आहे. समजा, प्रत्येक संघात एक यष्टिरक्षक हवाच. तुमची पाळी आली, तेव्हा उरलेल्यांतील उत्तम फलंदाजाचा (दुरुस्त केलेला) अंदाज सामन्यामागे ५२ गुण आहे आणि उत्तम यष्टिरक्षकाचा ४५. पुढची पाळी येईपर्यंत इतर तिघे मिळून सहा नावे घेणार. यादी पाहून तुमच्या ध्यानात येते, की तोवर ४८ गुणांचा एखादा फलंदाज नक्की उरेल. पण यष्टिरक्षक उरेल तो २८ गुणांचा.

५२ हे ४५ पेक्षा मोठे, म्हणून फलंदाज घेतलात, तर दोन पाळ्यांत मिळतील ५२ + २८ = ८० गुण. यष्टिरक्षक आधी घेतलात, तर ४५ + ४८ = ९३. तेरा गुणांचा फायदा! कारण उघड आहे. फलंदाजाची उंची, नंतर उरणाऱ्या फलंदाजाच्या पातळीपासून मोजली, तर केवळ ४ आहे. यष्टिरक्षकाची मात्र १७. म्हणून प्रत्येक पाळीला हा प्रश्न विचारा: 'हा गडी आत्ता घेतला नाही, तर पुढच्या पाळीला त्याच्या जागी कोण मिळेल?' तो जो कोणी असेल, तेच तुमचे शून्य.

वही आणि पैसे

हा खेळ वहीत मांडून, मालिकाभर गुण मोजून खेळण्यात मौज आहे आणि शिक्षणही. परंतु मोबाइलवर पैसे लावून, एकेका सामन्यापुरता संघ निवडण्याचे वेड मध्यंतरी देशभर पसरले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा संमत केला. कायदा बाजूला ठेवला तरी गणित काय सांगते, ते आता तुम्हीच ठरवा. एका सामन्यात प्रत्येक खेळाडूला मिळतो एखादाच डाव, आणि एका डावाचा विखुरलेपणा सरासरीइतकाच मोठा असतो. एवढ्या गोंधळात निवडीचे कौशल्य दिसणार तरी कसे? जिंकणाऱ्याला वाटते आपण हुशार. पण पुस्तकी क्रिकेटमधल्या पहिल्या फलंदाजालाही, त्याला बोलता आले असते तर, तसेच वाटले असते.

उद्या तुम्ही शाळेच्या संघाचे कप्तान व्हाल. एखादी मुलगी किंवा मुलगा ओळीने तीन वेळा शून्यावर बाद होईल आणि सगळे म्हणतील, 'काढून टाका.' त्या वेळी संघाची वही उघडा आणि आधीचे डाव मोजा. थोड्या आकड्यांवर मोठा निकाल देऊ नये, एवढे जरी लक्षात राहिले, तरी हा लेख वाचल्याचे सार्थक झाले.

करून पाहा

१. पुस्तकी क्रिकेटचे १०० डाव खेळा आणि सरासरी काढा. ती १३ च्या आसपास, साधारण दीड धावेच्या फरकाने, येते का? येत नसेल, तर पुस्तक पुन:पुन्हा त्याच ठिकाणी उघडत नाही ना, हे तपासा. अशा दोषाला नियमित त्रुटी म्हणतात. डाव कितीही वाढवले तरी ती जात नाही.

२. एका खेळात सर्वसाधारण खेळाडूला सामन्यामागे ४० गुण मिळतात. 'क' ला ४ सामन्यांत सरासरी ८० गुण आहेत, 'ख' ला ४० सामन्यांत सरासरी ५८. दहा मानीव सामने धरून कोणाला निवडाल?

(उत्तर: 'क' चा अंदाज ७२० ÷ १४ = ५१.४; 'ख' चा २७२० ÷ ५० = ५४.४. म्हणून 'ख'.)