संताच्या पेटीवरचा निळा रंग

प्रश्न: लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आठशे वर्षांपूर्वीची, उतरत्या छपराच्या घरासारखी एक निळी-सोनेरी पेटी पाहिली. ती संत थॉमस बेकेट यांची आहे म्हणे. जेमतेम फूटभर उंचीच्या पेटीत त्यांचा देह मावला कसा? आणि तिचा निळा रंग अजून उडाला कसा नाही?

उत्तर: पहिली शंका लगेच फिटेल. त्या पेटीत देह ठेवायचाच नव्हता. संताच्या अस्थीच्या तुकड्यात किंवा वस्त्राच्या चिंधीतही त्याचं सगळं सामर्थ्य असतं, अशी मध्ययुगीन ख्रिस्ती माणसाची श्रद्धा होती. बेकेट हे कँटरबरीचे आर्चबिशप. राजा दुसऱ्या हेन्रीशी त्यांचं बिनसलं आणि २९ डिसेंबर ११७० रोजी चार सरदारांनी कॅथीड्रलमध्येच त्यांची हत्या केली. ११७३ मध्ये पोपने त्यांना संत घोषित केलं. त्यांचे अवशेष दूरदूर गेले, आणि ते ठेवायला फ्रान्समधल्या लिमोजच्या कारागिरांनी पेट्या घडवल्या. त्यांतल्या पन्नासच्या आसपास आजही शिल्लक आहेत.

आता रंगाकडे वळू. ती रंगवलेली पेटी नाही, आणि त्यात निळी रत्नंही जडवलेली नाहीत. ती काच आहे. कारागीर तांब्याच्या पत्र्यावर टाकीने खळगे कोरत, त्यांत रंगीत काचेची ओली पूड भरत आणि पत्रा भट्टीत घालत. काच तांब्याच्या आधी वितळते, म्हणून पत्रा शाबूत राहून काच खळग्यात घट्ट बसते. वितळल्यावर ती खाली दबते, त्यामुळे पुन्हा पूड भरून पुन्हा भाजावं लागे. मग घासून सगळं एका पातळीत आणायचं. आपल्याकडच्या मीनाकामाच्या दागिन्यांमागेही हीच युक्ती आहे.

हा निळा रंग कोबाल्टचा. तो काचेच्या अंगातच मुरलेला असल्यामुळे उन्हाने विटत नाही. काचेला भय धक्क्याचं. ठोकर बसली की टवका उडतो आणि खालचा खळगा उघडा पडतो.

सोनेरी भागही भरीव सोन्याचा नाही. उरलेल्या तांब्यावर सोनं आणि पाऱ्याचं मिश्रण लावून तापवत. पारा उडून जाई, सोन्याचा पातळ मुलामा राही. असे पत्रे लाकडी पेटीवर खिळ्यांनी ठोकत.

माझ्या मते या पेट्या टिकण्यात हलक्या धातूचा मोठा वाटा आहे. तांबं वितळवून फारसं काही हाती लागत नाही. खुद्द कँटरबरीतली बेकेट यांची समाधी मात्र सोन्याने मढवलेली, रत्नांनी लगडलेली होती. १५३८ मध्ये आठव्या हेन्रीच्या हुकमाने ती मोडली आणि तिचं सोनं राजाच्या खजिन्यात गेलं.