ऊन भरपूर, तार म्हातारी

जालना जिल्ह्यातल्या आमच्या बदनापूर तालुक्यात पाण्याची चर्चा शेवटी विजेवरच येते. विहीर आहे, मोटर आहे, मोसंबीची बाग आहे. पण तारेत दम नसेल तर तिन्ही असून नसल्यासारखी. शिवारातल्या डीपीचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा, कारभार बरीच वर्षं माझ्याकडे आहे. हे पद कुठल्या कागदावर नाही. डीपी जळाली की वर्गणी गोळा करणं, वायरमनला फोन लावणं, कुणाच्या मोटरीनं घोळ केला ते तोंडावर सांगणं, यासाठी गावाला एक वाईट माणूस लागतो. तो मी. मधल्या काळात त्याच शिवारात सौर पंप आले, घरांवर पॅनेल चढले, सबस्टेशनजवळच्या पडीक जमिनींचे भाव लोक विचारू लागले. त्यातून जे उमगलं ते लिहितो आहे. आकडे टाकले आहेत ते सोयीसाठी. कमीजास्त महत्त्वाचं असा क्रम नाही.

१. डीपी जळते ती वीज येताना

लोकांना वाटतं, दिवसभर मोटरी चालून चालून डीपी तापते आणि जाते. तसंही होतं, पण आमच्याकडे बहुतेक वेळा ती गेली ती फीडर चालू झाल्याच्या पहिल्या मिनिटाला. कारण ऑटोस्विच. वीज रात्री-अपरात्री यायची, उठून विहिरीवर कोण जाणार, म्हणून जो तो स्टार्टरला ऑटोस्विच लावून मोकळा. वीज आली की मोटर आपोआप उठते. पाच एचपीची मोटर सुरू होताना चालत्या मोटरीच्या पाच-सहा पट करंट ओढते. काही सेकंदच, पण शिवारातल्या सगळ्या मोटरी त्याच सेकंदांत उठल्या तर ६३ केव्हीएच्या डीपीनं करायचं काय? हिशेबानं तिच्यावर दहा-बारा अशा मोटरी बसतात. वर आकडे टाकणारे वेगळेच. मग व्होल्टेज बसतं, मोटरी घुंइं करत अडकतात, अडकलेली मोटर आणखी करंट ओढते, डीओ, म्हणजे डीपीचा फ्यूज, उडतो. डीओच्या जागी कुणी जाड तार बांधून ठेवली असेल तर तो उडत नाही, आतलं वाइंडिंग जातं.

महावितरण वर्षानुवर्षं सांगत आलं आहे की ऑटोस्विच काढा आणि कपॅसिटर बसवा. काढा म्हटलं की कुणी काढत नाही, हा माझा अनुभव. आम्ही मधला मार्ग काढला: ऑटोस्विच राहू द्या, पण त्याला टायमर लावा आणि मोटरींचे नंबर ठरवा. डीपीखाली बैठक बसली. आबा लगेच म्हणाले, "नंबर लावायचे तर माझा पहिला, माझी विहीर डीपीला लागून आहे."

"आबा, म्हणूनच तुमचा शेवटचा. तुम्हाला व्होल्टेज कधीही मिळतं. शेपटाला असलेल्या दाजींना पहिल्यांदा उठू द्या, नंतर त्यांना काय उरतं?"

आबा दोन दिवस बोलले नाहीत. पण शेपटाची मोटर आधी आणि डीपीजवळची सगळ्यांत शेवटी, मध्ये दोन-दोन मिनिटांचं अंतर, एवढ्यानं डीओ उडणं पुष्कळ थांबलं. पाच एचपीला दोन केव्हीएआरचा कपॅसिटर ज्यांनी बसवला त्यांच्या मोटरीही कमी तापतात. सौरऊर्जेची एवढी भाषणं ऐकली; या टायमरबद्दल कुणी बोलत नाही, कारण त्यात फीत कापण्यासारखं काही नाही.

२. दिवसाची वीज हा चैनीचा विषय नव्हे

जानेवारीत आंबे बहार फोडायला मोसंबीला पाणी द्यायचं आणि त्या आठवड्यात वीज रात्रीची असायची. थंडी, साप, अंधारात पाय घसरणं. ज्यानं हे केलं आहे त्याला समजावून सांगावं लागत नाही. लोडशेडिंगच्या काळात, २००५ नंतर, अक्षय प्रकाश योजनेत गावोगाव लोकांनी संध्याकाळी मोटरी बंद ठेवून घरात दिवे मिळवले होते. पुढे गावठाणाचे आणि शेतीचे फीडर वेगळे होत गेले. घर सुटलं, शेत रात्रीलाच अडकलं.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली आली, तिचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये. यातली कल्पना मला सरळ वाटते. शेतीचा फीडर ज्या सबस्टेशनवरून निघतो त्याच्याच जवळ काही मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा करायचा, म्हणजे दुपारी तयार झालेली वीज दुपारीच, दोन-चार कोसांत, मोटरींनी खायची. दुसऱ्या टप्प्यातला पहिला प्रकल्प आमच्या शेजारच्या जिल्ह्यात, वैजापूर तालुक्यातल्या ढोंदलगावला २०२४ मध्ये सुरू झाला, तीन मेगावॅटचा. खाजगी जमिनीला हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडं, दरवर्षी तीन टक्के वाढ. खडकाळ, कोरडवाहू तुकड्याला एवढं भाडं चांगलं. पण काळ्या जमिनीवर पॅनेल लावायचा विचार कुणी करत असेल तर त्यानं बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रात एक चक्कर मारावी. ज्या केंद्राच्या तुरीचं बीडीएन बियाणं राज्यभर पेरलं जातं, त्याच्या दारातल्या मातीवर काचा मांडणं मला तरी पटत नाही.

३. सौर पंप विहिरीच्या कलानं चालतो

पीएम-कुसुम आणि नंतरच्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकऱ्याला दहा टक्के भरावे लागतात, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला पाच. जमिनीनुसार तीन, पाच किंवा साडेसात एचपी. हे सगळ्यांना माहीत असतं. कमी बोललं जातं ते विहिरीबद्दल.

आमच्याकडे काळा कातळ. झरे बारीक, विहीर उपसली की भरायला वेळ घेते. ग्रीडची वीज आठ तास सलग मिळायची, त्यात उन्हाळ्यात तिसऱ्या तासाला फूटव्हॉल्व्ह उघडा पडायचा. पुढचे तास वीज असून उपयोग नाही, आणि विहीर भरली तेव्हा वीज नाही. सौर पंपानं हे गणित बदललं. सकाळी दोन तास चालवा, बंद करा, जेवा, विहिरीला दम घेऊ द्या, तीननंतर पुन्हा लावा. ठिबक असेल तर याहून बरी जोडी नाही.

श्रावणात ढग चार-चार दिवस हटत नाहीत तेव्हा पाच एचपीचा पंप नळाएवढी धार टाकतो, हेही पाहिलं आहे. पाऊस नसलेलं पण झाकोळलेलं आभाळ हा त्याचा खरा शत्रू. धूळ दुसरा. महामार्गाच्या कडेच्या शेतात आठवड्याला एकदा पॅनेल पुसावेच लागतात, तेही सकाळी काच थंड असताना. आणि पाणी खोल बोअरमध्ये असेल, तर अर्ज करण्याआधी पंपाचं हेड आणि आपली खोली जुळते का ते कंपनीच्या पोऱ्याकडून नव्हे, आधी ज्यानं बसवला आहे त्याच्या बांधावर जाऊन बघावं.

४. लाईट गेली की छतावरचं सोलरही जातं

पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, तीन किलोवॅटला अठ्ठ्याहत्तर हजारांची सबसिडी. बदनापुरात स्टेशन रोडपासून वस्त्यांपर्यंत निळी छतं दिसू लागली. आणि पहिल्याच वादळात ओरड झाली: भर उन्हात पंखा बंद! पॅनेल वर तळपतंय आणि घरात अंधार, हे काय?

ग्रीडला जोडलेला इन्व्हर्टर लाईन मेली की स्वतःहून थांबतो, आणि ते योग्यच आहे. तुमच्या छतावरची वीज मेलेल्या तारेत शिरली तर खांबावर चढलेला माणूस जाईल. आमचा वायरमन हल्ली चढण्याआधी खाली उभा राहून विचारतो, "या लाईनीवर सोलर कुणाकुणाचं? जनरेटर कुणाचा चालू आहे?" उत्तर काहीही मिळो, तो डिस्चार्ज रॉडची साखळी तारेवर टाकल्याशिवाय हात लावत नाही. सोलरचा इन्व्हर्टर नियमानं वागतो, पण दुकानदाराचा चेंजओव्हर न लावता जोडलेला जनरेटर वागत नाही. वायरमनला भीती त्या जनरेटरची असते.

५. पूर्वी व्होल्टेज पडायचं, आता चढतं

हे मला समजायला वेळ लागला. दुपारी बारा-एकला, विशेषतः रविवारी किंवा पावसाळ्यात मोटरी बंद असताना, गल्लीत वीज वापरणारं कुणी नसतं आणि प्रत्येक छत वीज ढकलत असतं. तार बारीक आणि लांब असेल तर शेवटच्या घरी व्होल्टेज २५० च्या वर जातं, इन्व्हर्टर ट्रिप होतो, आणि मालक पॅनेल विकणाऱ्याला शिव्या देतो. दोष पॅनेलचा नसतो. ही तार एका दिशेनं वीज नेण्यासाठी टाकली होती, डीपीकडून घराकडे. घराकडून डीपीकडे वीज येईल असं तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हतं.

मोठ्या प्रमाणावरही व्होल्टेजची ही गोष्ट घडते. २८ एप्रिल २०२५ ला भर दुपारी स्पेन आणि पोर्तुगाल एकदम अंधारात गेले. चौकशीत पुढे आलं ते हेच, की व्होल्टेज हाताबाहेर चढत गेलं आणि केंद्रं एकामागून एक सुटली. काहींनी लगेच सौरऊर्जेच्या नावानं बोटं मोडली. मला वाटतं, बोट दाखवायचंच तर व्होल्टेज सांभाळण्याच्या व्यवस्थेकडे दाखवावं. तिथंही, इथंही.

६. दिवेलागणीचे चार तास

सहा वाजता सूर्य मावळतो आणि त्याच वेळी घरोघरी दिवे, टीव्ही, मिक्सर, उन्हाळ्यात कूलर. दुपारी वीज ओसंडते, संध्याकाळी मारामार. ही दरी कोळशाच्या केंद्राला पटकन भरता येत नाही. तो मोठा बॉयलर, हळू चढतो, हळू उतरतो. पाणी मात्र लगेच धावतं. कोयनेचे १,९६० मेगावॅट महाराष्ट्राला संध्याकाळी तारतात ते म्हणूनच. घाटघरचा २५० मेगावॅटचा प्रकल्प तर २००८ पासून हेच करतो: वीज जास्त असताना पाणी वर चढवायचं, गरजेला खाली सोडायचं.

ज्यांना ग्रीड म्हणजे काय हे कळत नाही त्यांना मी टाळेबंदीतल्या ५ एप्रिल २०२० ची आठवण करून देतो. रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे बंद केले होते ना आपण? त्या मिनिटांत देशाची मागणी सुमारे ३१ हजार मेगावॅटनं खाली आली आणि लगेच पुन्हा चढली. जलविद्युत केंद्रांनी आधी जोर लावून, मग झटकन उतरून, पुन्हा उठून ते सांभाळलं. ५० हर्ट्झचा काटा फार हलू द्यायचा नसतो. आपण तेव्हा पणत्या लावत होतो.

आता स्मार्ट मीटरवाल्या घरगुती ग्राहकांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच वापरलेल्या विजेला सवलत आली आहे. आमच्या घरी पिठाची घरगुती चक्की आणि कपड्यांचं मशीन दुपारी चालतं. सूनबाईंनी हे बिल न बघताच ठरवलं होतं, दुपारी मोकळा वेळ असतो म्हणून. जालन्याच्या सळईवाल्या कारखान्यांचं एवढं सोपं नाही. भट्ट्यांना कित्येक वर्षं रात्रीच्या सवलतीची सवय, पाळ्या त्यावर बांधलेल्या. सवलत उन्हाच्या तासांकडे सरकते तेव्हा कामगारांच्या झोपेपर्यंत सगळं बदलतं.

७. देश जोडला गेला, शेवटचा खांब वाकडाच

३१ डिसेंबर २०१३ ला सोलापूर-रायचूर ही ७६५ केव्हीची लाईन सुरू झाली आणि दक्षिणेचं ग्रीड बाकी देशाला जोडलं गेलं. तेव्हापासून सगळा देश एका ठोक्यावर. त्याच्या आदल्या वर्षी, ३० आणि ३१ जुलै २०१२ ला, उत्तर भारत लागोपाठ दोन दिवस अंधारात गेला होता. दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्यही. ऊर्जामंत्री सोलापूरचेच सुशीलकुमार शिंदे होते आणि त्याच ३१ तारखेला ते गृहमंत्री झाले. राजकारणातला योगायोग, दुसरं काय.

तर ७६५ केव्हीचे मनोरे बघावेत असे आहेत. मग नजर खाली आणावी, आमच्या बांधावर. खांब कललेला, तारांना झोल, वारा सुटला की दोन फेज एकमेकांना शिवून ठिणग्या, खाली वाळलेला ऊस. जम्पर पिळा मारून जोडलेला. डीपीतलं तेल कमी. सौर प्रकल्पाची वीज कितीही स्वच्छ असो, ती याच तारेवरून येते. प्रकल्पाच्या बातमीत मेगावॅट असतात; किती किलोमीटर तार बदलली, किती खांब सरळ केले, हे मी बातमीत शोधून थकलो.

८. फुकट विजेबद्दल थोडंच

एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना बिल माफ. मला मिळतं, मी घेतो. पण बिल नाही म्हटल्यावर टायमर लावा, कपॅसिटर बसवा, हे सांगणाऱ्याचं कुणी ऐकत नाही. आणि विहीर बिलाकडे बघून भरत नाही. २०१३ च्या दुष्काळात या जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा सरपण झालेल्या पाहिल्या आहेत. त्या वर्षी वीज कमी नव्हती, पाणी कमी होतं.

९. बॅटरी की अर्थिंग

सध्या घरात हा वाद चालू आहे. मुलगा म्हणतो, "आप्पा, छतावर पॅनेल आहेतच, आता बॅटरी घेऊ. लाईट गेली तरी घर चालेल." तो कोटेशन घेऊन आला आहे. मी म्हणतो, आधी डीपीचं अर्थिंग नीट करू. न्यूट्रल तुटला त्या रात्री गल्लीतले तीन टीव्ही आणि एक फ्रीज गेला. अशा वेळी दोन फेजमधलं व्होल्टेज घरात शिरतं आणि बॅटरीचा इन्व्हर्टरही वाचत नाही. तो म्हणतो, डीपी सगळ्यांची, खर्च आपण एकट्यानं का करायचा? प्रश्न बरोबर आहे, आणि डीपीखालच्या बैठकीत तो पुन्हा काढायचा आहे. आबांनी या वेळी आधीच निरोप पाठवला आहे की त्यांची वर्गणी सगळ्यांत शेवटी. तोवर अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा भरून झाला आहे, आणि उन्हाळाभर त्यात रोज बादलीभर पाणी ओतायचं काम कोटेशनवाल्याकडे दिलं आहे.