पगाराची मदत कोणाला मिळाली?

सन 2020 कोणी विसरलेले नाही. करोनाची साथ आली आणि 25 मार्चपासून सगळ्या देशात टाळेबंदी झाली. एस. टी. थांबली, आठवड्याचे बाजार बसले, कारखान्यांना कुलपे लागली. साथीबद्दल आपण पुष्कळ ऐकले आहे. पण काम बंद असताना कामावरच्या माणसांचा पगार कोणी द्यायचा? लहान मालकाने तो आणायचा कोठून? सरकारने काय मदत केली आणि ती कोणाच्या हाती पडली? हे या धड्यात पाहू. थोडे गणित आहे, पण ते काही अवघड नाही. पाटी-पेन्सिल जवळ ठेवा म्हणजे झालं.

समजा, कोकणात काजूचा एक लहान कारखाना आहे. तेथे 24 बाया बी फोडतात, साल काढतात, गर निवडतात. शिवाय एक मिस्त्री आणि एक कारकून. एकूण माणसे 26. बाईला महिना 9,000 रुपये मिळतात. मिस्त्री आणि कारकून यांचा पगार 15,000 रुपयांच्या वर आहे. मार्च ते मे हा काजू बीचा हंगाम. मालकाने बी घ्यायला पैसे घातले आणि तेवढ्यात टाळेबंदी झाली. तयार माल वखारीत पडून राहिला.

29 मार्चला केंद्र सरकारच्या गृहखात्याने हुकूम काढला. टाळेबंदीच्या काळातला पगार मालकांनी वेळेवर आणि काही न कापता द्यावा, असा तो हुकूम होता. तो कारखान्यांना होता, तसाच दुकानांनाही होता. आता कारखान्याच्या दारात काय बोलणे झाले असेल?

"दादा, पगाराचं काय?" मुकादमीण विचारते.

"सरकार म्हणतंय, द्या. माल गेला नाही तर देऊ कुठून, बाय?"

"खरंय दादा. पण आमची चूल काय टाळेबंदीत बंद राहते?"

दोघांचेही खरे होते. हुकूम निघाला होता, पण पैसे कोठून आणायचे हे हुकुमात नव्हते.

आता मदतीकडे वळू. 26 मार्च 2020 रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी एक योजना सांगितली. ती पगाराची नव्हती, फंडाची होती. फंड म्हणजे भविष्य निर्वाह निधी. लोक त्याला पी. एफ. म्हणतात. कामगाराच्या पगारातून शेकडा 12 रुपये कापतात. मालक आपल्या पदरचे तेवढेच घालतो. दोन्ही मिळून शेकडा 24 होतात. हे 24 रुपये सरकार भरील, अशी ती योजना होती. आधी मार्च, एप्रिल, मे या तीन महिन्यांसाठी होती. पुढे ती ऑगस्ट 2020 पर्यंत वाढवली.

अट अशी होती. कारखान्यात 100 पर्यंत माणसे असावीत, आणि त्यांतल्या शेकडा 90 जणांचा पगार 15,000 च्या आत असावा. आपल्या कारखान्यात 26 पैकी 24 जणी 15,000 च्या आत आहेत. म्हणजे शेकडा 92. कारखाना अटीत बसला. पण समजा, आणखी एकाचा पगार 15,000 च्या वर असता, तर 26 पैकी 23 उरले असते. ते शेकडा 88 होतात. मग 23 बायांपैकी एकीलाही मदत मिळाली नसती. एका माणसाने केवढा फरक पडतो पाहा!

आता पाटी घ्या. 9,000 चे शेकडा 12 म्हणजे 1,080. एका बाईमागे दोन्ही वाटे मिळून 2,160. अशा 24 बाया. महिन्याला 51,840 रुपये सरकारने फंडात घातले. त्यात मालकाचा वाटा वाचला 25,920. बाईच्या हाती पूर्वी फंड कापून 7,920 येत. आता कापायचे नव्हते, म्हणून पुरते 9,000 आले.

हे चांगलेच झाले. पण पगाराचे 2,16,000 रुपये मालकानेच आणायचे होते! सरकारने पगार दिला नाही, पगारावरचे ओझे थोडे हलके केले. शिवाय रीत अशी होती: मालकाने आधी पगार वाटायचा. मग संगणकावर महिन्याचे विवरण भरायचे आणि पगार दिला असे लिहून द्यायचे. मिस्त्री आणि कारकून यांचा फंड नेहमीप्रमाणे स्वतः भरायचा. तो भरला म्हणजे सरकारचा पैसा बायांच्या खात्यांत जमा व्हायचा. बाईचा फंडाचा बारा आकडी नंबर आधारला जोडलेला हवा. ज्याच्यापाशी पगार वाटायलाच पैसे नव्हते, तो पहिल्याच पायरीवर अडला. योजनेचा फायदा सुमारे 72 लाख कामगारांना होईल असा सरकारचा अंदाज होता. प्रत्यक्षात पैसे जमा झाले ते सुमारे 39 लाखांच्या खात्यांत.

आणि ज्यांना फंडच नाही ते? 1952 च्या कायद्याप्रमाणे त्या वेळी 20 किंवा अधिक माणसे असली तरच फंड सक्तीचा होता. पिठाची गिरणी, सायकलचे दुकान, चार माणसांचा शिवणकामाचा धंदा यांना ही मदत नव्हती. त्यांचा यात दोष नव्हता. पण दुसरेही मालक असतात. कामाला माणसे तीस आणि हजेरीपटावर नावे एकोणीस. फंड भरायला नको म्हणून ही युक्ती. आम्ही आयुष्यभर शाळेचे हजेरीपट पाहिले. पटावर खोटी नावे चढवणारे असतात हे आम्हांला ठाऊक होते. खरी नावे लपवणारेही असतात, हे पुढे कळले. त्या युक्तीने मालकाचे वर्षानुवर्षे पैसे वाचले असतील, पण 2020 मध्ये मदत आली तेव्हा त्यालाही ती मागता आली नाही. सर्वांत वाईट झाले ते कामगाराचे. फंडात साठलेल्या रकमेतून साथीसाठी उचल घेण्याची सवलत त्या वेळी दिली होती. तीन महिन्यांचे वेतन किंवा शिलकेचे शेकडा 75, यांत जे कमी असेल ते, आणि परत भरायचे नाही. ज्याचे नावच पटावर नाही, त्याने उचल घ्यायची कशातून?

दुसऱ्या देशांतही हा कागदाचा प्रश्न आलाच. इंग्लंडमध्ये सरकारने सरळ पगारच उचलला. घरी बसलेल्या कामगाराच्या पगाराचे शेकडा 80, पण महिन्याला 2,500 पौंडांपर्यंत. मालकाने 20 एप्रिल 2020 पासून संगणकावर मागणी करायची. योजना सप्टेंबर 2021 पर्यंत चालली. शेवटच्या महिन्यांत सरकारचा वाटा कमी होत गेला. पण सुरुवातीला अट होती की कामगाराचे नाव 19 मार्च 2020 पर्यंत पगारपत्रकातून कर खात्याकडे पोचलेले हवे. त्याच सुमारास नवीन कामावर लागलेले कितीतरी लोक तेवढ्यामुळे बाहेर राहिले. न्यूझीलंडमध्ये उत्पन्न शेकडा 30 घटले असे मालकाने लिहून दिले की बारा आठवड्यांचे पैसे आधीच हातात पडत. मात्र कोणत्या मालकाने किती माणसांसाठी किती पैसे घेतले, ती यादी सरकारने सर्वांना पाहायला उघडी ठेवली. कोणीही कामगार आपल्या मालकाचे नाव तीत शोधू शकत होता. ही रीत आम्हांला फार आवडली.

आपल्याकडे लहान मालकांसाठी मे 2020 मध्ये कर्जाचीही योजना निघाली. 29 फेब्रुवारीला बँकेचे जेवढे कर्ज बाकी, त्याच्या शेकडा 20 इतके नवे कर्ज, तारण न मागता. हमी सरकारची. दहा लाख बाकी असेल तर दोन लाख मिळत. एक वर्ष मुद्दल फेडायचे नाही, व्याज मात्र चालू. पुष्कळ कारखाने त्यावर तगले. तरी ते कर्जच. आणि ज्याने बँकेची पायरी कधी चढली नव्हती, सावकाराकडून किंवा मेव्हण्याकडून पैसे घेऊन धंदा चालवला होता, त्याचे शेकडा 20 कशाचे काढणार?

पगाराचा तो हुकूम सरकारने 18 मेपासून मागे घेतला. 12 जून 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की त्या दिवसांच्या पगाराबद्दल मालक आणि कामगार यांनी एकत्र बसून बोलणी करावीत. काही ठिकाणी अर्ध्यावर तोड निघाली, काही ठिकाणी माणसे तशीच गावी निघून गेली.

तुम्ही किंवा तुमच्या घरचे कोणी त्या वेळी कारखान्यात कामाला असाल, तर फंडाचे पासबुक काढून पाहा. त्यात दर महिन्याची एक ओळ असते, आणि ओळीत तीन रकमा: कामगाराचा वाटा, मालकाचा वाटा, पेन्शनचा वाटा. आपल्या काजूवाल्या बाईच्या ओळीत 1,080, मग सुमारे 330, मग सुमारे 750 असे आकडे असतील. मालकाच्या 1,080 मधूनच पेन्शनचा भाग निघतो. मार्च 2020 ते ऑगस्ट 2020 या सहा ओळी बोट ठेवून वाचा. एखादी ओळ कोरी असेल तर त्या महिन्याची पगाराची चिठ्ठी घेऊन कारकुनाकडे जा आणि विचारा.