शरदातली सहल आणि गाडीतली माणसे

अनंत चतुर्दशी झाली, पाऊस आवरता होऊ लागला, की माझ्या दवाखान्यात दरवर्षी एक ठरावीक प्रश्न येतो. बी.पी. तपासून होते, औषधाची चिठ्ठी हातात पडते आणि उठता उठता आजी-आजोबा विचारतात, "डॉक्टर, मुलं रविवारी कासची फुलं बघायला जायचं म्हणताहेत. आम्हीही जावं का?" माझे उत्तर बहुतेक वेळा "जरूर जा" असेच असते. मात्र त्यापुढचे चार शब्द घाईघाईत सांगण्यासारखे नसतात. म्हणून ते आज या सदरात लिहितो.

जुने वैद्य शरद ऋतूला आपली आई म्हणत. कारण उघड आहे. या दिवसांत दुपारी ऑक्टोबरचे ऊन चटका देते, पहाटे गारवा असतो, साचलेल्या पाण्यावर डास आणि वाढलेल्या गवतात किडे असतात. त्यामुळे वैद्याकडे गर्दी होते आणि त्याचे घर चालते. पण याच दिवसांत आपला सह्याद्री वर्षातला सर्वांत देखणा असतो. साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून साधारण १२०० मीटर उंचीवर कासचे पठार आहे. युनेस्कोने २०१२ साली पश्चिम घाटातील ३९ ठिकाणांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात ते आहे. तेरडा, सीतेची आसवे, गेंद अशी नाजूक फुले तिथे कातळावरच्या वीतभर मातीत उगवतात. ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत हा बहर असतो. दिवाळीच्या सुटीत गेलात, तर वाळके गवत बघून परत यावे लागते.

आपल्या सांगली-मिरज भागातून कराडमार्गे सातारा हा काही तासांचा रस्ता. शनिवारी निघावे, कास पाहावे, साताऱ्यात मुक्काम करावा, रविवारी सज्जनगड आणि ठोसेघरचा धबधबा करून घरी यावे, अशी बहुतेक कुटुंबांची आखणी असते. आखणी चांगली आहे. अडचण एवढीच, की ती करताना आपण ठिकाणे मोजतो. गाडीत कोण कोण बसणार आहे ते मोजत नाही. माझे सांगणे थोडक्यात असे: गाडीतला जो सर्वांत नाजूक माणूस, त्याच्या वेळापत्रकावर सहल बसवा. बाकीच्यांचे आपोआप बरे चालते.

मधुमेही आजोबा

या सर्वांत मला जास्त काळजी मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची वाटते. सकाळी साडेपाचला निघायचे म्हणून गोळी घेतली जाते, "नाश्ता वाटेत करू" असे ठरते, वाटेत वाहतूक अडते, मग "आता थेट साताऱ्यातच खाऊ" असे होते. गोळी आपले काम करत असते आणि पोट रिकामे असते. रक्तातली साखर ७० च्या खाली उतरते. आजोबांना घाम फुटतो, हात थरथरतात, छाती धडधडते, बोलणे तुटक होते. मागे बसलेल्यांना वाटते, गाडी लागली असेल किंवा डुलकी लागली असेल. "झोपू द्या त्यांना," असे म्हणून कोणी अंगावर शाल घालतो. हीच धोक्याची वेळ असते.

म्हणून नियम सोपा ठेवा. समोर खाणे येईपर्यंत गोळी किंवा इन्सुलिन नाही. दशमी, थालीपीठ, फुटाणे असे टिकाऊ खाणे हाताशी असावे. डिकीतल्या पिशवीत तळाशी नसावे. मधुमेही माणूस गप्प झाला, घामाघूम झाला, तर गाडी थांबवा. जवळ ग्लुकोमीटर असेल तर साखर तपासा, नसेल तर तपासणीची वाट न पाहता ३ चहाचे चमचे साखर पाण्यातून द्या. १५ मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा द्या आणि नंतर पोटभर काही खायला घाला. काही गोळ्यांचा परिणाम बराच वेळ टिकतो आणि साखर पुन्हा उतरते, म्हणून बरे वाटले तरी डॉक्टरांना दाखवा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, ते श्वासनलिकेत जाते. अशा वेळी थेट दवाखाना गाठा.

इन्सुलिनची कुपी उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये. ती तापून निकामी होते. थर्मासमध्ये ठेवावी, पण बर्फाला थेट टेकवू नये, कारण गोठलेले इन्सुलिनही निकामीच.

पाणी न पिणाऱ्या बायका

हा विषय कोणी उघड बोलत नाही, पण सहलीनंतरच्या सोमवारी माझ्याकडे तो हमखास येतो. वाटेत सोय होईल की नाही या धास्तीने घरातल्या बायका पहाटेपासून पाण्याचा घोट घेत नाहीत आणि दिवसभर लघवी तुंबवून ठेवतात. परत आल्यावर डोके दुखते, लघवीला जळजळ होते, थंडी वाजून ताप येतो. आजीबाई तर लघवी जास्त होते म्हणून बी.पी.ची गोळीच त्या दिवशी चुकवतात. तसे करू नये. लघवी वाढवणारी गोळी असेल तर तिची वेळ बदलता येते, ती आपल्या डॉक्टरांना आधी विचारून बदला.

गाडी चालवणाऱ्याने दर दोन तासांनी, पेट्रोल पंप किंवा बरे हॉटेल बघून, कोणी मागणी करण्याची वाट न पाहता थांबावे. मागावे लागले की सासू-सुना संकोचतात. ठरलेला थांबा असेल तर कोणालाच बोलावे लागत नाही.

गाडी लागणारी मुले

साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढू लागला, की मागच्या मुलाचा चेहरा पांढरा पडतो. आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारे इंद्रिय असते. ते सांगते, "आपण वळतो आहोत." डोळे मात्र पुस्तकात किंवा मोबाईलमध्ये असतात आणि ते सांगतात, "आपण स्थिर आहोत." मेंदूला मिळणाऱ्या या दोन उलटसुलट बातम्यांतून मळमळ सुरू होते. दोन ते बारा वर्षांच्या मुलांत हा त्रास अधिक.

उपाय बातम्या जुळवण्याचा आहे. घाटात मोबाईल बंद, नजर समोर दूरच्या डोंगरावर, काच थोडी खाली. उपाशीपोटी नेऊ नये आणि वडापावही भरवू नये. भाकरी, पोळी, केळे असे हलके खाणे द्यावे. उलटीची गोळी निघण्याआधी अर्धा ते एक तास घ्यायची असते, उलटी झाल्यावर तिचा उपयोग होत नाही. लहान मुलांना ती वय आणि वजन पाहून डॉक्टरच देतील. या गोळ्यांनी झोप येते, म्हणून गाडी चालवणाऱ्याने त्या कदापि घेऊ नयेत. काचबिंदू असलेल्यांनी आणि प्रोस्टेटचा त्रास असलेल्या वृद्धांनीही विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

चालक हाही पेशंटच समजा

घरचा मुलगा गाडी चालवणार असेल, तर आदल्या रात्री त्याला बांधाबांधीला लावू नका. त्याला सात तास झोप मिळू द्या. झोपेची झापड दोन वेळा फार येते: पहाटे आणि दुपारी जेवणानंतर. रविवारी ठोसेघर पाहून, भरपेट जेवून लगेच परत निघणे म्हणजे नेमकी ही वेळ पकडणे. जेवणानंतर वीस मिनिटे त्याला सावलीत झोपू द्या, मग चहा द्या. गाणी मोठ्याने लावून किंवा तोंडावर पाणी मारून झोप जात नाही, ती फक्त थोडी लांबते.

मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावावा. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यातील अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे निधन झाले. ते मागच्या आसनावर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले होते. मोठी, महागडी गाडीही पट्ट्याची जागा घेऊ शकत नाही. मूल पुढे मांडीवर घेऊन बसू नये. ते मागे, आपल्या जागेवर बसलेले बरे.

पठारावर आणि पाण्याकाठी

कासची उंची एवढी नाही की प्राणवायू कमी पडावा. ज्याला दोन जिने न थांबता, धाप न लागता चढता येतात, त्याने पठारावर फिरायला हरकत नाही. सज्जनगडावर गाडी बरीच वर जाते, तरी पुढे पायऱ्या आहेत. त्या थांबत थांबत चढाव्यात. छातीत दाब आला, डावा हात किंवा जबडा दुखू लागला, तर "थोडेच राहिले" म्हणून पुढे जाऊ नये. बसावे आणि मदत मागावी. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत आहे.

घरी ऊन असले तरी पठारावर धुके आणि झोंबरे वारे असते. दमेकऱ्यांनी इन्हेलर खिशात ठेवावा. तो मुक्कामाच्या खोलीत राहिला तर उपयोग नाही. धबधब्याच्या वर पाऊस झाला की खाली पाणी अचानक वाढते आणि शेवाळलेला दगड कोणालाच ओळख देत नाही. कठड्याच्या आतूनच धबधबा बघावा.

पठारावर आखलेल्या वाटेवरूनच चालायचे असते. हा नियम फुले तुडवली जाऊ नयेत म्हणून आहे, पण तो तुमचाही जीव राखतो. उंच गवतात साप असतात. कोणाला चावलाच, तर घट्ट बांधू नका, कापू नका, चोखू नका. अंगठी, बांगड्या काढा, तो अवयव हलू देऊ नका आणि सरळ सरकारी रुग्णालयात न्या. सर्पविषावरची लस तिथे असते.

पंधरा दिवसांनी येणारा ताप

सहल संपते, फोटो पाहून होतात आणि दहा-बारा दिवसांनी घरातल्या एकाला जोराचा ताप येतो. डोके दुखते, अंग मोडून येते. आता सहलीची आठवण कोणी काढत नाही. ती काढली पाहिजे, हे आजच्या लेखातले मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

गवतात आणि झुडपांत डोळ्यांना जेमतेम दिसणारा एक बारीक किडा असतो. त्याच्या पिलाच्या चाव्यातून स्क्रब टायफस नावाचा आजार होतो. चावल्याचे कळतही नाही. ताप साधारण ६ ते २१ दिवसांनी येतो. चाव्याच्या जागी, बहुधा काखेत, जांघेत, कमरेशी, कानामागे, विडीने भाजल्यासारखी काळी खपली धरते. ती दुखत नाही, म्हणून कोणी दाखवत नाही. काहींना ती उमटतही नाही. विदर्भात २०१८ च्या पावसाळ्यात या आजाराची मोठी साथ आली होती. वेळेत ओळखला तर नेहमीच्या, स्वस्त औषधाने ताप दोन-तीन दिवसांत उतरतो. डेंग्यू किंवा साधा ताप समजून आठवडा गेला, तर फुप्फुस, मूत्रपिंड, मेंदू यांवर बेतते. ते औषध मनाने घेऊ नका. गरोदर स्त्रिया आणि मुले यांना वेगळे द्यावे लागते.

यासाठी गवतात बसू-लोळू नये, काढलेले कपडे गवतावर टाकू नयेत, पूर्ण बाह्या आणि मोजे घालावेत. मुक्कामी पोचल्यावर साबण लावून अंघोळ करावी आणि कपडे गरम पाण्यात धुवावेत. आणि तीन आठवड्यांच्या आत ताप आलाच, तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता सांगावे, "आम्ही अमुक तारखेला पठारावर, गवतात फिरून आलो." या एका वाक्याने निदानाचे चार दिवस वाचतात.

सोबतची पिशवी

रोजची औषधे दोन दिवस जास्त पुरतील इतकी, त्यांची नावे लिहिलेला कागद, साखर, ओआरएसची पाकिटे, तापासाठी पॅरासिटामॉल, पट्टी, कापूस आणि टॉर्च. ओआरएसचे पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. मीठ अंदाजाने टाकू नये.

आणि शेवटची सूचना. वेळ कमी पडू लागला तर एक ठिकाण गाळावे, जेवण किंवा विश्रांती गाळू नये. राहिलेला धबधबा पुढच्या वर्षीही तिथेच वाहत असणार आहे. पुढच्या वर्षी तो बघायला घरातली सगळी माणसे धडधाकट असावीत, एवढे आपण पाहावे.