जुन्या नाण्यांचा बाजार

आमच्या घनसावंगीच्या भागांत असें जुनें घर क्वचितच असेल, कीं ज्याच्या एखाद्या पेटींत किंवा आजीच्या बटव्यांत हाली रुपया सांपडणार नाहीं. हें "हाली" नांव मुलांस आतां अपरिचित झालें आहे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा सर्व मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता, व त्या संस्थानाचें नाणें वेगळें होतें. इंग्रजी रुपयास लोक कलदार म्हणत आणि सात हाली म्हणजे सहा कलदार असा हिशेब असे. संस्थान गेल्यावरहि हाली चलन कांहीं वर्षें चालू राहिलें. तें १९५९ सालीं कायमचें बंद झालें. चलन म्हणून त्याची किंमत संपली. परंतु संग्राहकांच्या बाजारांत त्यास दुसरी किंमत आली, आणि या दुसऱ्या किंमतीविषयींच आम्हांस येथें लिहावयाचें आहे.

पुणें, मुंबई अशा शहरांत जुनीं नाणीं, नोटा व टपालतिकिटें यांचीं प्रदर्शनें दरवर्षीं भरतात. नांव प्रदर्शनाचें असलें तरी तो मुख्यतः बाजार होय. एका मोठ्या दालनांत मेजांच्या रांगा मांडलेल्या असतात व प्रत्येक मेजामागें एक व्यापारी बसलेला असतो. नातलगांकडे सुटीस गेलेले आमचे विद्यार्थी अशा ठिकाणीं जातात व कांहींतरी घेऊन येतात. घेण्यास आमची हरकत नाहीं. इतिहासाची गोडी लावण्यास हातांतील एक नाणें कधीं कधीं दहा पाठांहून अधिक उपयोगीं पडतें. परंतु जें घेतलें त्याचें मोल किती व दिलें किती, हें पाहिलें म्हणजे वाईट वाटतें.

एक उदाहरण सांगतों. नववीच्या एका मुलानें असाच एक रुपया आणला. त्यावर १३३० हा आंकडा आहे, सबब तो महंमद तुघलकाच्या कारकीर्दींतला, सुमारें सातशें वर्षांचा आहे, असें त्यास सांगण्यांत आलें होतें. आणि त्याच्या चांदीच्या किंमतीच्या कितीतरी पट रक्कम त्याच्याकडून घेतली होती. तुघलकानें १३२५ ते १३५१ पर्यंत राज्य केलें व राजधानी आपल्या शेजारच्या दौलताबादेस आणली, हें त्या मुलास पाठ होतें. म्हणूनच तो फसला! वास्तविक त्याच नाण्यावर चारमिनाराचें चित्र होतें. चारमिनार बांधला १५९१ सालीं. जी इमारत अद्यापि उभीच राहिली नव्हती, तिचें चित्र तुघलकाच्या नाण्यावर कसें येणार? १३३० हें हिजरी साल आहे. हिजरी वर्ष चंद्राच्या गतीवर चालतें व तें आपल्या वर्षाहून सुमारें अकरा दिवसांनीं लहान असतें. म्हणून हिजरी सालास ०.९७ नें गुणून त्यांत ६२२ मिळवावे, म्हणजे इसवी साल जवळजवळ बरोबर निघतें. १३३० चें उत्तर १९१२ येतें. त्या दाराच्या कमानींत "ऐन" हें अक्षर आहे; तें उस्मान अलीखान या शेवटच्या निजामाच्या नांवाचें आद्याक्षर. तो गादीवर बसला १९११ सालीं. म्हणजे आंकडा व अक्षर यांची साक्ष एकच. त्याचे वडील महबूब अलीखान यांच्या नाण्यांवर त्या जागीं "मीम" असतें.

हे अंक फारसी वळणाचे असतात, तेव्हां तेवढे दहा अंक मुलांनीं शिकून घ्यावे. एका संध्याकाळचें काम आहे. शून्य म्हणजे नुसता ठिपका, पांचाचा अंक आपल्या शून्यासारखा, सात म्हणजे वरच्या बाजूस उघडा कोन व आठ म्हणजे खालीं उघडा कोन. हैदराबादच्या नाण्यांवर ९२ हा आंकडाहि दिसतो. त्याची "गुप्त" कथा सांगून भाव वाढविणारे आहेत. परंतु त्यांत गुप्त कांहीं नाहीं: अरबी अक्षरांस संख्यामूल्यें देण्याची एक जुनी पद्धत आहे, व त्या पद्धतीनें महंमद पैगंबरांच्या नांवांतील अक्षरांची बेरीज चाळीस, आठ, चाळीस व चार मिळून ब्याण्णव होते.

आतां भावाकडे वळूं. चांदीच्या नाण्यास एक तळ असतो; त्याखालीं त्याची किंमत सहसा जात नाहीं. तो तळ म्हणजे त्यांतील चांदी. कलदार रुपया १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम वजनाचा व बारांत अकरा भाग चांदीचा. तेव्हां त्यांत १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी आली. १९४० पासून सरकारनें चांदी निम्म्यावर आणली, तेव्हां ती ५.८३ ग्रॅम राहिली. आणि १९४७ चा रुपया निव्वळ निकलचा. दुसऱ्या महायुद्धापूर्वींचा हाली रुपया ११.१८ ग्रॅमचा व शेंकडा ८१.८ चांदीचा, म्हणजे त्यांत सुमारें ९.१४ ग्रॅम चांदी. त्या दिवसाचा चांदीचा भाव सराफाकडून घ्यावा व गुणाकार करावा. व्यापारी यापुढें जें मागतो तें दुर्मीळपणाचें व चांगल्या स्थितीचें मोल असावयास पाहिजे. तें तसें आहे कीं नाहीं, हा खरा प्रश्न.

प्रदर्शनांत भाव चढे कां असतात, याची कारणें व्यापाऱ्यास दोष न देतांहि सांगतां येतात. मेजाचें भाडें, प्रवास, मुक्काम हा सर्व खर्च त्यास दोनतीन दिवसांत भरून काढावयाचा असतो. शिवाय एकच नाणें पुष्कळदां सकाळीं एका मेजावरून दुसऱ्यावर जातें व प्रत्येक हात आपला नफा चढवितो. नाण्यांवर किंमतीच्या चिठ्ठ्या बहुधा नसतात; गिऱ्हाइकाचा पोशाख, बरोबरचीं मंडळी व डोळ्यांतील उत्सुकता पाहून आंकडा ठरतो. त्यांत छापील सूचीग्रंथाची भर. सूचींत लिहिलेली किंमत ही उत्तम स्थितींतील नाण्याची असते, आणि व्यापारी ती झिजलेल्या नाण्यास लावतो. आमच्या मतें सर्वांत अधिक फसवणूक याच एका ठिकाणीं होते.

हाच प्रकार परदेशांत चित्रपत्रांच्या बाजारांत आहे. पूर्वीं सिगारेटच्या व पुढें च्युइंगगमच्या पाकिटांतून खेळाडूंचीं चित्रें असलेले पत्ते मिळत. मुलें ते जमवीत व अदलाबदल करीत. आमचीं मुलें हल्लीं क्रिकेटचे पत्ते जमवितात तसेंच तें. अमेरिकेंत १९५२ सालच्या मिकी मँटल नांवाच्या बेसबॉल खेळाडूचा एक पत्ता २०२२ सालीं एक कोटी सव्वीस लाख डॉलरांस गेला. तो पत्ता जवळजवळ निर्दोष होता. परंतु अशी बातमी आली कीं, ज्याच्याजवळ त्याच वर्षाचा कोपरे दुमडलेला पत्ता आहे, तोहि भाव चढवून बसतो. आपल्याकडे १९४८ च्या १५ ऑगस्टला महात्मा गांधींचीं चार टपालतिकिटें निघालीं. त्यांतील दहा रुपयांच्या तिकिटावर सरकारी कामासाठीं "सर्व्हिस" हा शब्द छापलेल्या अवघ्या १०० प्रती होत्या. तशा चार तिकिटांची जोडपट्टी २०१७ सालीं पांच लक्ष पौंडांस विकली गेली. ज्यांवर तो शब्द नाहीं, त्यांची गोष्ट निराळी. पण मोठी किंमत मात्र सर्वांच्या तोंडीं असते.

मुरलेला संग्राहक दालनांत शिरल्यावर पहिली फेरी रिकाम्या हातांनीं करितो. जें हवें त्याची यादी त्यानें घरूनच लिहून आणलेली असते, व खिशांत किती पैसे न्यावयाचे हेंहि ठरविलेलें असतें. एकाच नाण्याचा भाव चार मेजांवर विचारून तो टिपून ठेवतो. लिलावांत तसलीं नाणीं प्रत्यक्ष कितीस गेलीं, हें तो आधीं पाहून येतो. मागितलेला भाव व मिळालेला भाव यांत जमीनअस्मानाचें अंतर असतें. त्याजवळ एक भिंग, एक लहान तराजू व एक चुंबक असतो. चांदी चुंबकास चिकटत नाहीं, निकल चिकटतो. पितळेवर मुलामा दिलेलें नाणें चुंबक ओळखणार नाहीं, पण वजन ओळखील. ओतीव नकलेच्या कडेवर सांध्याची रेघ दिसते व अक्षरें साबणासारखीं मऊ वाटतात. आणि तो एक प्रश्न अवश्य विचारतो: "हेंच नाणें आम्हीं विकावयास आणलें असतें, तर आपण काय दिलें असतें?" या उत्तरानें पुष्कळ भाव आपोआप खालीं येतात. शेवटच्या दिवशीं तिसऱ्या प्रहरीं, माल परत बांधावयाचा कंटाळा आला म्हणजे, व्यापारीहि अधिक मोकळ्या मनानें बोलतो. पावती मात्र केव्हांहि सोडूं नये.

ज्यांच्या घरीं जुनीं नाणीं आहेत त्या पालकांस एक विनंती. तीं चिंचेनें किंवा राखेनें घासूं नयेत. घासल्यानें वरचा थर जातो व संग्राहक पाठ फिरवितो. माळेसाठीं कडी डाकलेल्या रुपयाचीहि तीच गति. दुर्मीळपणा कोठून येतो हेंहि मुलांस घरच्या पेटींतूनच दाखवितां येईल. पंचम जॉर्जचा १९११ चा रुपया घ्या. त्यावरील बादशहाच्या झग्यावरचा हत्ती लोकांस डुकरासारखा दिसला, बोभाटा झाला, आणि सरकारनें त्यांतील बहुतेक रुपये परत वितळविले. १९१२ पासून हत्तीची सोंड नीट काढली. म्हणून १९११ च्या रुपयास अधिक दाम मागणें रास्त आहे. १९१७ किंवा १९१८ च्या रुपयास तसें मागणें रास्त नाहीं, कारण ते कोट्यवधि पाडले गेले.

याच्याहि पलीकडे उघड लबाडी आहे. एका बाजूस राम, सीता, हनुमान व दुसऱ्या बाजूस ईस्ट इंडिया कंपनीचें नांव आणि १८१८ साल, असे तांब्याचे "आणे" गांवोगांव विकले जातात. कंपनीनें असा आणा कधींच पाडला नाहीं. तांदूळ ओढणाऱ्या चमत्कारिक नाण्याच्या नांवाखालीं तर लोकांनीं शेतें गहाण टाकलीं आहेत. जुनी पांच रुपयांची ट्रॅक्टरची नोट किंवा ७८६ आंकड्याची नोट लाखांत घेतों, फक्त आधीं नोंदणीचे पैसे पाठवा, असे निरोपहि फोनवर येतात. रिझर्व्ह बँकेनें १९२१ नव्हे, तर अगदीं अलीकडे, २०२१ च्या ऑगस्टांत प्रसिद्ध केलें कीं, अशा व्यवहारांशीं बँकेचा संबंध नाहीं व ती त्यांसाठीं कोणतेंहि शुल्क मागत नाहीं. जो घेणारा आहे तो पैसे देतो. आधीं मागत नाहीं.

शेवटीं कायद्याची एक गोष्ट. आपल्या जिल्ह्यांतील भोकरदन व शेजारचें पैठण हीं सातवाहनांच्या काळापासूनचीं गांवें आहेत, आणि या काळ्या जमिनींत नांगरतांना नाणीं निघणें अशक्य नाहीं. तीं घेऊन प्रदर्शनाकडे धांवूं नये. १८७८ च्या निखातनिधीच्या कायद्याप्रमाणें दहा रुपयांहून अधिक किंमतीचा ठेवा सांपडल्यास तो कलेक्टरास लेखी कळवावा लागतो. न कळविल्यास वाटा जातो व एक वर्षापर्यंत शिक्षाहि होऊं शकते. १९७२ च्या कायद्यानें शंभर वर्षांवरील पुराणवस्तूंचा व्यापार परवान्यावांचून करतां येत नाहीं व त्या खाजगी रीतीनें परदेशीं पाठवितां येत नाहींत. कळविणाऱ्याचें मात्र नुकसान होत नाहीं. ठेव्याचा पूर्वींचा मालक न निघाल्यास व दुसरा करार नसल्यास तीन चतुर्थांश सांपडविणाऱ्यास व एक चतुर्थांश जमिनीच्या मालकास मिळतो. आणि सरकारनें तो ठेवा स्वतःकडे घेतल्यास धातूच्या किंमतीवर आणखी एक पंचमांश द्यावा लागतो.