जुन्या चित्रांतून नाताळचं शुभेच्छापत्र : एक कृतिपाठ



डिसेंबरात मुलं नाताळची शुभेच्छापत्रं करतात. बहुतेकांवर तोच बर्फ, तीच लाल टोपी. आमच्या पिंगळीच्या शिवारात तेव्हा कापसाची वेचणी चालू असते. मग कार्डावर बर्फच कशाला? या प्रश्नातूनच हा पाठ घ्यावा. इयत्ता सहावी ते आठवी, दोन तासिका पुरतात.

आधी मुलांना हे सांगा

नाताळचं पहिलं छापील व्यापारी कार्ड १८४३ साली लंडनमध्ये निघालं. हेन्री कोल यांनी ते जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून काढून घेतलं. त्यात बर्फ नव्हताच! मध्ये जेवायला बसलेलं कुटुंब आणि दोन्ही बाजूंना गरिबांना अन्न-वस्त्र देणारी माणसं होती.

आपल्याकडे राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. तिथल्या रंगीत छापील चित्रांमुळे लक्ष्मी-सरस्वती साध्या घरांच्या भिंतींवर आल्या. गोव्यात जन्मलेले आणि पुण्यात राहिलेले आंजेलो द फोन्सेका यांनी तर मरियमेला साडी नेसवली. गोष्ट तीच, पण माणसं आपल्या अंगणातली.

कृती

साहित्य : जुन्या दिनदर्शिका, लग्नपत्रिका, काडेपेटीवरची चित्रं, जाड कागद, कात्री, डिंक. देवादिकांचं चित्र कापण्याआधी घरच्यांना विचारायला लावा.

१. प्रत्येकाने एकच जुनं चित्र निवडावं.
२. त्यात आपल्या गावातली एक तरी गोष्ट जोडावी. कापसाचं बोंड, ज्वारीचं कणीस, बैलगाडी, काहीही.
३. आत दोन ओळी स्वतःच्या शब्दांत लिहाव्यात.
४. मागे तीन गोष्टी लिहाव्यात : चित्र कुठून घेतलं, चित्रकार कोण, मी काय बदललं. नाव सापडलं नाही तर ‘चित्रकार अज्ञात’ असं लिहावं.

चौथी पायरी गाळू नका. खरं शिक्षण तिथंच आहे. ‘जुनं आहे, म्हणजे कुणाचंच नाही’ असं मुलांना वाटतं. आपल्या कायद्यात चित्रकाराच्या मृत्यूनंतर साधारण ६० वर्षं हक्क राहतो. रविवर्मा १९०६ मध्ये गेले, त्यामुळे त्यांची चित्रं आता सर्वांसाठी खुली आहेत. फोन्सेका गेले १९६७ मध्ये. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या चित्रांवरचा हक्क २०२७ अखेरपर्यंत आहे. वर्गात शिकण्यासाठी चित्र वापरायला हरकत नाही, पण कार्डं छापून विकायची तर परवानगी हवी. हक्क संपला तरी नाव लिहायचंच.

चर्चेसाठी प्रश्न

• हॉर्सलीने कार्डावर गरिबांना का दाखवलं असेल?
• तुमचं चित्र उद्या कुणी नाव न लिहिता वापरलं, तर कसं वाटेल?

मूल्यमापन करताना सुबकपणाला कमी आणि मागच्या तीन नोंदींना जास्त गुण द्या. पालकहो, कार्ड घरी आलं की आधी उलटून मागची बाजू वाचा. आपलं लेकरू किती विचार करतं, ते तिथं दिसेल.