कापडाच्या फोटोला मोठा सेन्सर किती उपयोगी?

व्यापारी बंधूंनो, हल्ली गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढण्याआधी मालाचा फोटो त्याच्या मोबाईलवर पोहोचतो. त्यामुळे 'फुल फ्रेम कॅमेरा घ्यावा का?' अशी विचारणा कापडबाजारात वारंवार होते. काही जण त्यासाठी व्याजाचे हप्ते बांधायलाही तयार होतात. ती वेळ येण्याआधी हिशेब पाहू.

सेन्सर म्हणजे पूर्वीच्या फिल्मच्या जागी बसलेला, उजेड टिपणारा तुकडा. फुल फ्रेम ३६ बाय २४ मि.मी.चा, एपीएस-सी सुमारे २३.५ बाय १५.६ चा, आणि 'एक इंची' म्हणवणारा प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मि.मी.चा असतो. (हा इंच आपल्या गजाने मोजू नये!) फुल फ्रेमचे क्षेत्रफळ एपीएस-सीच्या सुमारे २.४ पट, म्हणून कमी उजेडात त्याच्या चित्रात दाणे कमी दिसतात. रात्रीच्या निकाह-वलीम्याचे फोटो काढणे हाच ज्यांचा धंदा आहे, त्यांना हा फरक पैसे वसूल करून देतो.

आपले ठाण मात्र हलत नाही. कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून सावकाश उजेड घेता येतो. शिवाय एपीएस-सीमध्ये भिंगाचे छिद्र एफ ५.६ वर ठेवून जितक्या घड्या स्पष्ट येतात, तितक्याच फुल फ्रेममध्ये हव्या असतील तर ते एफ ८ पर्यंत आवळावे लागते. मोठ्या सेन्सरने मिळवलेला जादा उजेड तेथेच खर्ची पडतो. ए-४ आकाराचे छापील पान ३०० ठिपक्यांनी काढायला सुमारे ८७ लाख पिक्सेल लागतात, म्हणजे १२ मेगापिक्सेलचा साधा कॅमेराही पुरतो.

कापडाचा खरा वैरी वेगळाच आहे. बारीक चौकडी किंवा पट्ट्यांच्या शर्टिंगवर फोटोत इंद्रधनुषी लहरी उमटतात, त्या ताण्या-बाण्याची वीण आणि सेन्सरवरील पिक्सेलची जाळी एकमेकांवर आल्यामुळे. याला मोआरे म्हणतात. हा शब्द मूळचा कापडाचाच. त्याची मुळे अरबी 'मुखय्यर'पर्यंत जातात. काही कॅमेऱ्यांत या लहरी दाबणारी पातळ काच असते. निकॉनने २०१२ साली डी८०० आणि डी८००ई हे दोन फुल फ्रेम कॅमेरे आणले; दुसऱ्यात त्या काचेचा परिणाम काढून टाकलेला होता. किंमत त्याचीच जास्त, आणि लहरींचा धोकाही त्यालाच जास्त! उपाय फुकटचा आहे: कॅमेरा थोडा मागेपुढे करावा किंवा कोन बदलावा.

माल परत येतो तो बहुधा रंगावरून. ट्यूबलाइट आणि खिडकीचा उजेड एकत्र झाला, तर कोणताही सेन्सर फसतो. एकच उजेड ठेवावा आणि व्हाइट बॅलन्स राखाडी कार्डावर लावावा. चकचकीत पांढऱ्या कागदात निळसर झाक असते. मोबाईलमध्ये रंग भडक करून पाठवणे तर आम्ही ऐब झाकण्यातच धरतो. मदीनेच्या बाजारात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या राशीत हात घालून आतली ओल बाहेर काढली होती, हे आपण सर्व जाणतो.

तेव्हा पहिला खर्च दोन चांगल्या दिव्यांवर आणि तिकाटण्यावर करावा. फोटो पाठवण्यापूर्वी ठाणाचे टोक दिवसाच्या उजेडात पडद्याशेजारी धरून रंग ताडावा. जांभळा आणि गर्द हिरवा दोनदा ताडावा. हे दोन रंग फोटोत सर्वांत जास्त दगा देतात.